यादीत नाव नसलेल्या विधवा (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६) : तुमच्या मंडळीत कसं चालतं?

सदरवाला_बाबू

सगळ्यांना जय ख्रिस्त. हा धागा काढू की नको यातच दोन आठवडे गेले. आमच्या मंडळीत पेंटेकॉस्टनंतर बुधवारच्या अभ्यासात बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सुरू केलंय, दर बुधवारी एक अध्याय, आणि सहाव्याला येऊन मी अडकलो. संडे स्कूलपासून ऐकलेला अध्याय आहे, सात जणांची नावं पाठ केली होती बक्षिसासाठी, पण या वेळी वाचताना वाटलं हे माझ्यावरच लिहिलंय.

आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विधवांना आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांना किराणा देतो. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती. यादी मी ठेवतो, कोविडच्या वर्षापासून. नाव द्यायचं तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर, मेसेज इंग्रजीत आणि हिंदीत, कारण कमिटीत तमिळ, मल्याळी, हिंदीवाले असे सगळे आहेत आणि तेच सोयीचं पडतं. मे महिन्यात, त्या ४५ डिग्रीच्या उन्हात, मराठी उपासना संपल्यावर एक आजी बाहेर चपला घालता घालता मला म्हणाली, "बाबू, आमचं काही चुकलं का रे? तीन वर्षं झाली, आमच्या वस्तीतल्या एकीलेही पिशवी नाही भेटली."

घरी येऊन यादी काढली. २८ नावं. त्यात मराठी उपासनेला येणाऱ्या फक्त दोघी, आणि त्या दोघींची मुलं ग्रुपवर आहेत म्हणून. वस्तीतल्या नऊ जणी, ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे नाहीतर तोही नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मुद्दाम कोणी वगळलं नाही, मी तर नाहीच नाही, पण वगळल्या गेल्या हे खरं आहे आणि यादी माझ्या हातची आहे.

आता सहावा अध्याय बघा. यरुशलेमेत शिष्य वाढून राहिले होते, चौथ्या अध्यायात पुरुषच पाच हजार झाले असं लिहिलंय, आणि रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या म्हणजे हेल्लेणी यहूद्यांच्या विधवा सुटून जात होत्या. इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळत होतं. म्हणजे सगळे यहूदी, सगळे येशूला मानणारे, फरक फक्त बोलीचा. दुसऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टला, पवित्र आत्मा उतरला आणि जो तो आपापल्या भाषेत देवाची कामं ऐकून राहिला, आणि चारच अध्यायांनी त्याच मंडळीत भाषेवरून जेवणाची वाटणी बिघडली. मला हे वाचून धक्का बसला आणि धीरही आला, दोन्ही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या मंडळीत अशी यादी कोण ठेवतं? आणि मी आता नेमकं काय करू? नऊ नावं गुपचूप टाकून दिली की झालं का?

इंदोरा_कॉयर

वाचतेय. आमच्याकडेही हेच आहे, फक्त कोणी विचारलेलं नाही अजून.

मार्टिननगर_ताई

बाबूभाऊ, मनापासून लिहिलंत. थोडं त्या विधवांबद्दल सांगते, कारण त्या कोण होत्या हे कळलं की गोष्ट जवळची वाटते.

त्या काळात परदेशात राहणारे यहूदी उतारवयात यरुशलेमेत येऊन राहायचे, पवित्र नगरीत मरावं, तिथल्या मातीत पुरलं जावं म्हणून, असं पुष्कळ अभ्यासक सांगतात. नवरा गेला की बाई एकटी, भाऊबंद दूर कुठेतरी अलेक्झांड्रियाला नाहीतर कुरेनेला, गावची बोली धड येत नाही. ग्रीक बोलणारे यहूदी तिथे होते याचा दगडावरचा पुरावाही आहे, १९१३ साली यरुशलेमेत खोदकामात एका सभास्थानाचा शिलालेख सापडला, थिओडोटस नावाच्या माणसाने ते बांधलं, आणि परगावाहून येणाऱ्यांसाठी उतरायच्या खोल्या आणि पाण्याची सोय केली असं त्यावर ग्रीकमध्ये कोरलंय. तर या बाया म्हणजे कोणी परक्या नव्हत्या, पण कानावर बातमी पोचायची सोयच नव्हती. तुमच्या वस्तीतल्या आज्यांसारखंच की.

आणि आता सात नावं मोठ्याने वाचा. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही ग्रीक नावं! निकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीही नाही, नंतर त्या धर्मात आलेला. म्हणजे ज्यांच्या बाया उपाशी राहिल्या त्यांच्यातलेच सात जण वाटपावर बसवले, आणि तेही सगळ्या मंडळीने निवडून. इब्री बाजूने चार आणि तिकडून तीन असा सौदा नाही केला. मला वाटतं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. नावं टाकू नका भाऊ, यादीच त्यांच्या हाती द्या.

गड्डीगोदामकर

ताई, नावावरून एवढं काढता येत नाही. बारा प्रेषितांमध्येही फिलिप्प आणि अंद्रिया ही ग्रीकच नावं आहेत, आणि ते गालीलातले.

पण मला मुख्य आक्षेप दुसरा आहे. मी तीस वर्षं कमिटीवर काढली. मंडळी कुरकुरीने मोडते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पौल फिलिप्पैकरांना स्पष्ट सांगतो की जे काही कराल ते कुरकुर न करता करा. इस्राएल लोक रानात कुरकुरले, देवाने दिलेलं अन्न, मान्ना, मिळत असताना कुरकुरले, आणि त्याचं काय झालं ते आपण वाचतो. आज किराण्यावरून एक आजी बोलली, उद्या उपासनेच्या वेळेवरून बोलतील, परवा कबरस्तानातल्या जागेवरून. जो बोलला त्याच्या हाती किल्ली दिली तर कमिटी चालवणं कठीण होईल. नाव टाका, माफी मागा, आणि पुढे चला. हे रागाने लिहीत नाही, मंडळीवर प्रेम आहे म्हणून लिहितो.

मार्टिननगर_ताई

काका, अंद्रिया-फिलिप्पचं मान्य, एकट्या नावावरून सिद्ध होत नाही. पण सातच्या सात, आणि तेही नेमके याच भांडणानंतर, याला काही अर्थ असेल ना.

कुरकुरीचं तुम्ही बरोबर पकडलं, आणि मी ते तपासलं. मूळ ग्रीकमध्ये फिलिप्पैकरांच्या पत्रात जो शब्द आहे, गोंगिस्मोस, तोच शब्द कृत्ये सहामध्ये आहे, आणि निर्गम या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात रानातल्या कुरकुरीलाही तोच. म्हणजे कृत्ये लिहिणाऱ्या लूकने मुद्दाम तोच बदनाम शब्द घेतला असं मला वाटतं, वाचणाऱ्याला रान आठवावं म्हणून. आणि मग प्रेषित काय करतात? एका शब्दाने रागावत नाहीत. "कुरकुर करणारे कोण आहेत" असं विचारत नाहीत, "आम्ही एवढं करतो तरी" असंही म्हणत नाहीत. सगळ्यांना एकत्र बोलावतात आणि म्हणतात माणसं तुम्ही निवडा. तक्रार खरी आहे की खोटी याचा उलटतपास घेतलेला मला तरी त्या अध्यायात कुठे दिसत नाही. त्या दिवशी ती तक्रार दाबली असती तर पुढे स्तेफन आपल्याला दिसलाच नसता.

खामला_बँकवाली

मी आमच्या मंडळीचे हिशेब बघते म्हणून थोडं मागे जाऊन बोलते. सहावा अध्याय एकटा वाचू नका. चौथ्याच्या शेवटी लोक जमीन-घर विकून पैसा प्रेषितांच्या पायाशी ठेवतात आणि ज्याला जशी गरज तशी वाटणी होते. मग बर्णबा शेत विकतो. मग पाचव्यात हनन्या-सप्पीरा, शेताचे पैसे लपवून खोटं बोलले आणि जागीच मेले ते नवरा-बायको. मग सहाव्यात विधवा. हे सगळं एकाच पैशाची गोष्ट आहे, आधी तो येतो कसा, मग जातो कसा.

आणि हनन्या-सप्पीरावर मला खूप बोलायचं आहे. माझ्या सासूबाई फॅमिली पेन्शनवर होत्या, औषधातच अर्धी जायची. एका सभेत कोणी प्रवचन दिलं की दशांश, म्हणजे कमाईचा देवाला द्यायचा दहावा भाग, राखून ठेवणाऱ्याचं हनन्यासारखं होतं. त्या रात्री सासूबाई झोपल्या नाही, दोन वाजता मला उठवून विचारून राहिल्या, "सूनबाई, देव मला मारेल का ग?" मी तेव्हा नवी होते, बायबल नीट वाचलेलं नव्हतं, मला उत्तर देता आलं नाही. आज त्या नाहीत आणि ते उत्तर मला रोज येतं. पेत्र हनन्याला काय म्हणतो बघा, ते शेत होतं तोवर तुझंच होतं ना, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती होते ना. म्हणजे अर्धे ठेवले असते तरी चाललं असतं, काहीच दिलं नसतं तरी चाललं असतं! दोष खोटं बोलण्याचा आहे, अर्धं देऊन पूर्ण दिल्याचा मान घेण्याचा. ती गोष्ट गरीब म्हातारीला घाबरवायला नाहीच आहे, ती देणगीदाराच्या पाटीवर नाव कोरून घेणाऱ्यांसाठी आहे, आणि आमच्यासारख्या हिशेब ठेवणाऱ्यांसाठी.

बाबूभाऊ, म्हणून यादी दरमहा दारावर लावा. मराठीत, मोठ्या अक्षरात. किती आले, किती पिशव्या भरल्या. कोणाला मिळालं ती नावं नका लावू, लोकांची लाज जपली पाहिजे, पण आकडे लावा.

रुदा_नाही_मी

मी इथे कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

माझे मिस्टर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. बाजूच्या बेडवर आमच्याच मंडळीतले एक भाऊ होते, ते घरी आले. मंडळीने दोघांसाठी सारखीच प्रार्थना केली, रात्री नऊला, सगळे आपापल्या घरून फोनवर. पुढे चर्च उघडल्यावर त्या भावाची साक्ष झाली, देवाने कसं वाचवलं ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी शेवटच्या बाकावर होते.

बाराव्या अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटतो, मार्कच्या आईच्या घरी प्रार्थना चालू असते, तो दार ठोकतो, रुदा नावाची पोरगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच अध्यायाच्या दुसऱ्या ओवीत हेरोद योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. एक ओवी. बस. ही ओवी प्रवचनात कोणी थांबून वाचत नाही. याकोबासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल का? त्याच्या आईने एकदा येशूजवळ जाऊन मागितलं होतं की माझे दोन्ही मुलगे तुझ्या उजव्या-डाव्या हाताला बसू दे. ती आई त्या रात्री त्या घरात होती का ते बायबल सांगत नाही. मी दरवेळी तिला शोधते तिथे.

एक का वाचला आणि एक का गेला याचं उत्तर लूक देत नाही. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता मला ते बरं वाटतं, त्याने काहीतरी कारण लिहिलं असतं तर मी ते माझ्या नवऱ्याला लावत बसले असते.

आणि बाबूभाऊ, "विधवा" हा शब्द तुमच्या पोस्टमध्ये तीन-चार वेळा आला, तो मला दरवेळी टोचला, पण तुमच्यावर राग नाही. मला पिशवी नको आहे, नोकरी आहे माझी. पण एक सांगते, यापोमध्ये दुर्कस नावाची बाई मेली तेव्हा ज्या विधवा रडत उभ्या होत्या त्या पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवत होत्या. तिथे कोणाची कशी गरज होती आणि कोणी काय शिवलं ते सगळं या बायांना माहीत होतं. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तर विधवांची यादीच आहे, साठ वर्षांच्या वरच्या, आणि त्यात नाव यायला तिने पाहुण्यांची सोय केली का, पवित्र जनांचे पाय धुतले का, संकटात पडलेल्यांना मदत केली का हे बघायचे. ती यादी फक्त घेणाऱ्यांची नव्हती. आम्हाला विचारा कोणाच्या घरी काय नाही ते. आम्हाला माहीत असतं.

सदरवाला_बाबू

ताई, मी तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. शब्दाबद्दल माफ करा, आणि शेवटची ओळ मी वहीत लिहून घेतली.

जुना_मेथडिस्ट

पोरांनो, म्हातारा थोडं लांब लिहील.

२९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कथीड्रलमध्ये, सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन कॉन्फरन्सचे आमचे मेथडिस्ट, आणि डिसायपल्स. बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि मोठ्यांचाच मानणारे एका छताखाली आले, दोन्ही पद्धती ठेवून. वर्षानुवर्षं बोलणी चालली होती त्याच्या आधी. घरी त्या दिवसांत कृत्ये पंधराच ऐकू यायचं, यरुशलेमेची बैठक, की परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्यांवर, मोशेच्या नियमशास्त्राचं ओझं टाकायचं की नाही. तिथेही पुष्कळ वाद झाल्यावरच पेत्र उठला असं लिहिलंय, वाद झाला नाही असं नाही.

पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. निर्णय झाला, पत्र लिहिलं, आणि त्यांनी नुसतं पत्र नाही पाठवलं. यहूदा आणि सीला या दोघांना सोबत पाठवलं, तेच तोंडीही सांगतील म्हणून. यरुशलेमेपासून अंत्युखिया म्हणजे शेकडो मैल, पायी. बाबू, तुमचा मेसेज ग्रुपवर जातो, त्याच्यासोबत माणूस कुठे जातो? आमचे जुने बायबल बाई आणि प्रचारक सायकलवर घरोघरी जायचे. मिशनरी हिस्लॉप साहेब १८४५ मध्ये इथे आले ते शाळा काढून बसून राहिले नाहीत, गोंडांच्या वस्त्यांत जाऊन त्यांचे शब्द, त्यांची गाणी त्यांच्याच बोलीत उतरवून घेतली, ते कागद ते गेल्यावर १८६६ ला छापले गेले. पाऊल टाकावं लागतं. तुमचं घर सदरला आहे, वस्ती किती लांब आहे?

मिहान_शिफ्ट

काका, यावर माझंही एक. दोन वर्षांपूर्वी कॉयरमध्ये माझं एका जणाशी वाजलं, मोठं काही नाही, पण मी मंडळी बदलली. घरचे म्हणतात झालं गेलं विसर. मला विसरणं जमत नाही. परवा एकविसावा अध्याय वाचला, पौल कैसरियात येतो आणि फिलिप्पच्या घरी उतरतो, "सातांपैकी एक" असं मुद्दाम लिहिलंय. मी थांबलोच. सातांपैकी पहिला स्तेफन, त्याला दगडमार करताना ज्याच्या पायाशी कपडे ठेवले होते तो शौल म्हणजे हाच पौल. त्याच्याच छळामुळे फिलिप्प यरुशलेम सोडून पळाला होता. आणि आता तोच पाहुणा, फिलिप्पच्या चार मुली घरात, बरेच दिवस राहिला तो. पहिल्या रात्री जेवताना काय बोलले असतील ते दोघं? फिलिप्पने ताट वाढलं असेल ना, तेच तर काम होतं त्याचं.

मी त्या मुलाला अजून फोन नाही केला. नंबर काढून ठेवलाय.

सदरवाला_बाबू

काका, वस्ती चार किलोमीटर. मी गेलो. शनिवारी संध्याकाळी, बायकोसोबत, नऊच्या नऊ घरी. फोनवरून माफी मागायचं ठरवलं होतं पण जुना_मेथडिस्ट काकांचं वाचून लाज वाटली.

पहिल्या घरी आजीने चहा ठेवला, साखर शेजारून आणली हे मला नंतर कळलं. मी म्हटलं आजी चूक माझी आहे, यादी माझ्याकडे होती. ती म्हणाली, "तू येशील असं वाटलं नव्हतं बाप्पा." मग ती स्वतःच माझ्याबरोबर निघाली बाकीच्या घरी, गुडघे दुखत असताना, कारण मला गल्ल्या माहीत नव्हत्या.

रविवारी उपासनेनंतर कमिटीत विषय ठेवला. सोपं गेलं नाही. एक-दोघांना वाटलं मी मराठी-बिगरमराठी करून राहिलो. मी कृत्ये सहा वाचून दाखवलं, काही जास्त बोललो नाही. शेवटी ठरलं की यादी आता तिघी जणी ठेवतील, वस्तीतल्या दोघी आणि हिंदी उपासनेतल्या एक काकू, तिघीही साठीच्या पुढच्या. मी फक्त सामान आणणार आणि पिशव्या भरणार. एका आजीला लिहिता येत नाही, तिची नात लिहून देते. खामल्याच्या ताईंचं ऐकून आकडे दारावर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत लागणार.

आणि हे सांगायला मी खास आलोय. काल त्यांनी वही दिली. नऊ जणींची नावं असणार हे मला माहीत होतं. पण सगळ्यात वर त्यांनी जे नाव लिहिलंय ते त्यांच्यातलं नाहीच. रेल्वे क्वार्टरच्या मागे एका खोलीत राहणारी तमिळ अम्मा आहे, पूर्वी आमच्या इंग्रजी उपासनेला यायची, कंबर मोडल्यापासून दीड वर्ष आलेली नाही. आमच्या ग्रुपवर तिच्याबद्दल एकही मेसेज नव्हता. वस्तीतली एक आजी तिच्याकडे भांडी घासायला जायची, पैसे थांबले तरी जात राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही.

तर आता २८ आणि नऊ आणि एक, ३८ झाल्या. तूरडाळ कमी पडतेय, बाकी जमेल.

रुदा_नाही_मी

अम्माकडे मी जाऊ शकते. ऑफिसवरून येताना वाटेतच आहे. पत्ता मेसेज करा.

गड्डीगोदामकर

बाबू, मी कुरकुरीबद्दल जे लिहिलं ते माझ्या अनुभवातलं होतं, ते मागे घेत नाही. पण सहावा अध्याय काल रात्री परत वाचला, दोनदा. आमच्या कमिटीत दहा वर्षांपूर्वी एक बाई अशीच बोलायला उभी राहिली होती आणि मीच तिला बसवलं होतं. त्या अजून येतात, मागे बसतात. या रविवारी त्यांच्याशी बोलणार आहे.

तूरडाळ १० किलो माझ्याकडून. कधी आणू?

सदरवाला_बाबू

शनिवारी दुपारी तीननंतर या काका, मागच्या गेटने. पिशव्या भरायला हात कमी आहेत, वेळ असेल तर थांबा.